मॉरिस ट्रॅव्हलर आणि ‘सगळं ओरिजिनल’ हा शब्द

प्रश्न असा आहे. लेस्टरला राहणाऱ्या एका सांगलीकर गृहस्थांनी १९६७ सालची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर बघितली आहे. रंग आल्मंड ग्रीन, मीटरवर ६२,००० मैल, मागणी ११,५०० पौंड. मालक छातीठोक सांगतोय, “सगळं ओरिजिनल आहे, लाकूडसुद्धा कंपनीचंच.” त्यांनी चौदा फोटो पाठवलेत आणि विचारलंय की गाडी खरोखर ओरिजिनल आहे का, आणि एवढे पैसे द्यावेत का.

मी आधी पुण्यात नाना पेठेच्या आसपास ॲम्बॅसॅडर आणि फियाटवर हात काळे केले, आणि गेली बावीस वर्षं इकडे मिडलँड्समध्ये जुन्या ब्रिटिश गाड्या उघडतो, जोडतो, विकणाऱ्या-घेणाऱ्यांना भाव सांगतो. त्या भरवशावर पहिलंच वाक्य लिहितो, ते तुम्हाला उलटं वाटेल. ट्रॅव्हलरच्या बाबतीत “लाकूड कंपनीचंच आहे” हे ऐकलं की मी भाव वाढवत नाही, खाली आणतो.

कारण समजायला गाडीची रचना डोळ्यांसमोर हवी. दारांच्या मागच्या खांबापर्यंत ही गाडी म्हणजे नेहमीची दोन दारांची मायनर, सगळी पत्र्याची. तिथून मागे मात्र ॲश लाकडाचा सांगाडा आहे, त्यात ॲल्युमिनियमचे पत्रे बसवलेत. अमेरिकेतल्या पुढच्या काळातल्या स्टेशन वॅगनवर लाकडासारखी दिसणारी पट्टी नुसती चिकटवलेली असायची, तसं इथे नाही. हे लाकूड मागचं छत उचलून धरतं, मागची दोन दारं त्याच्यावर लटकतात, काचा त्याच्या खाचेत सरकतात. वाड्याच्या तुळया-खांबांसारखं समजा. म्हणूनच इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत सडलेलं लाकूड म्हणजे सडलेली चेसिस असंच धरतात आणि गाडी नापास करतात.

आता ॲश. कुऱ्हाडीचे दांडे करायला उत्तम, लवचीक, चिवट लाकूड. पण सागासारखं तेल त्याच्या अंगात नाही. पाणी मिळालं की पितं, आणि एकदा प्यायला लागलं की काळं पडून कुजतं. कंपनीने त्यावर वॉर्निश मारून गाड्या विकल्या आणि दर थोड्या वर्षांनी ते खरवडून पुन्हा मारायचं काम मालकावर सोपवलं. किती मालकांनी ते केलं असेल? साठ वर्षांत गाडी पाच-सहा हातांतून जाते. त्यातल्या एकाने जरी चार हिवाळे उघड्यावर ठेवली असेल तरी खेळ संपला. तेव्हा १९६७ चं लाकूड आजही ठणठणीत असेल तर गाडी आयुष्यभर कोरड्या गॅरेजात राहिली असली पाहिजे. अशा गाड्या आहेत, मी तीन पाहिल्यात. बाकी ज्यांचं लाकूड “कंपनीचं” होतं, ते सडलेलं होतं किंवा मालकाला ते बदललेलं आहे हेच माहीत नव्हतं.

बघायचं कसं? वॉर्निशच्या चकाकीकडे बघू नका, रंगाकडे बघा. निरोगी ॲश मधासारखं पिवळसर दिसतं आणि त्याच्या रेषा सलग पळतात. जिथे करड्या-काळ्या डागाची जीभ सांध्यातून बाहेर आलेली दिसेल तिथे पाणी आत आहे. संपूर्ण लाकूड गडद चॉकलेटी रंगवलेलं असेल तर तिथेच थांबा. गडद रंग हा काळे डाग लपवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मी नेहमी तीन जागा आधी बघतो: मागच्या चाकावरून जाणारा वळणदार तुकडा, बाजूच्या खालच्या आडव्या पट्टीचं मागचं टोक, आणि मागच्या दोन दारांचा तळ. चौथी जागा खिडक्यांच्या काचा सरकतात ती खाच. तिथे साचलेल्या मातीत शेवाळ उगवतं, आणि इंग्रज मालक हसत हसत सांगतात की माझ्या गाडीत मशरूम येतात. हसू नका, पैसे कमी करा.

मग नख. स्क्रूड्रायव्हर खुपसायला मालक परवानगी देत नाही, आणि देऊही नये. पण अंगठ्याचं नख सांध्याजवळ दाबायला कोणी नाही म्हणत नाही. नख रुतलं तर लाकूड गेलं. बोटाच्या पेराने टकटक करत खालच्या पट्टीवरून सरका. चांगलं लाकूड टणक, छोटा आवाज देतं आणि कुजलेलं भद्द करतं. लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) भरून वर रेषा रंगवलेल्या असतील तर आवाज दोन्हींपेक्षा वेगळा येतो, प्लॅस्टिकच्या डब्यासारखा. हे कान दोन-तीन गाड्यांत तयार होतात.

माझे कान तयार व्हायच्या आधीची गोष्ट. इकडे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी स्वतःसाठी ट्रॅव्हलर घेतली, मरून रंगाची. लाकूड असं चकचकीत की त्यात भांग पाडावा. पुण्यात पंधरा वर्षं पत्रा ओळखला होता, लाकूड काय ओळखायचं, अशी घमेंड. तिसऱ्या हिवाळ्यात मागचं डावं दार उघडलं आणि बिजागरी दारासोबत हातात आली. स्क्रू लाकडात नव्हतेच, बदामी रंगाच्या लांबीत होते. आत बोट घातलं तर ओल्या चहापत्तीसारखा भुगा. वरून कीर्तन, आतून तमाशा. पूर्ण डावी बाजू नवी करावी लागली, आणि त्या कामातूनच मी हे लाकूड शिकलो.

तुमच्या फोटोंत नववा फोटो नीट मोठा करून बघा. मागचं डावं चाक, त्याच्यावरचा वळणदार तुकडा खालच्या पट्टीला मिळतो तिथे वॉर्निशखाली करडी सावली आहे. उजव्या बाजूला, पाचव्या फोटोत, त्याच जागी लाकूड स्वच्छ पिवळं आहे आणि रेषाही वेगळ्या जातीच्या दिसतात. माझा अंदाज, उजवी बाजू कधीतरी बदलली आहे आणि डावी राहिली आहे. म्हणजे “सगळं लाकूड कंपनीचं” हे विधान बहुतेक अर्धं खोटं आहे, आणि गंमत अशी की जे अर्धं खोटं तेच चांगलं आहे. मालक लबाड असेलच असं नाही. त्याच्या आधीच्या मालकाने त्याला सांगितलेलं तो तुम्हाला सांगतोय.

लाकूड बदललेलं असेल तर बिल मागा. कोणी बदललं, पूर्ण संच की तुकडे, आणि पत्रे काढून आतून वॉर्निश केलं का. दर्शनी बाजू चमकवून आतली कोरी ठेवणारे महाभाग आहेत. तसं लाकूड आठ-दहा वर्षांत पुन्हा जातं. चांगल्या संचाचे आणि बसवणावळीचे मिळून मी माझ्या वहीत ६ ते ८ हजार पौंड धरतो. तुमच्या गाडीची मागणी ११,५०० आहे. आता कळेल की मी रंग आणि मीटरच्या आधी लाकडावर एवढा वेळ का घालवतोय.

पत्र्याकडे वळू. माझ्या ओळखीचे एक जण खिशात लोहचुंबक घेऊन गाडी बघायला गेले. दारांवर, मडगार्डवर चुंबक छान चिकटला. मागच्या पत्र्यावर लावला तर खाली पडला. छतावर मागे लावला, पडला. त्यांनी मालकाला तोंडावर सांगितलं की अख्खी मागची गाडी लांबीने भरलेली आहे. तो बिचारा बघतच राहिला. मागे ॲल्युमिनियम आहे, त्याला चुंबक चिकटणार कसा! तेव्हा चुंबक न्या जरूर, पण दारांच्या मागे वापरू नका.

मायनरचा खरा गंज वरून दिसत नाही. तुम्हाला चौदा फोटो पाठवलेत आणि एकही खालून नाही, यातच काय ते आलं. खाली आडवी जाणारी मधली तुळई असते, पुढच्या टॉर्शन बारची (स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पीळ घेणाऱ्या लांब सळ्यांची) मागची टोकं तिथे अडकवलेली असतात. तिच्या टोकांना गंज धरतो आणि लोक वरून नवा पत्रा वेल्ड करून मोकळे होतात. तसंच दारांखालचे सिल, पुढचे चेसिसचे दोन पाय आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर. साधी परीक्षा सांगतो. गाडी तिच्या नेहमीच्या जॅकच्या जागी एका बाजूने उचला आणि त्या बाजूचं दार उघडून पुन्हा लावा. सहज लागलं तर सांगाडा ताठ आहे. खालच्या कडेला घासलं, किंवा फट वर रुंद आणि खाली बारीक झाली, तर गाडी कंबरेत वाकते आहे.

आणखी एक जागा. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचला, तिथे एक झाकण दिसेल. त्याच्याखाली ब्रेकचा मास्टर सिलिंडर असतो, चेसिसच्या पायात दडवलेला. ब्रेक ऑइल घालायला तिथूनच वाकावं लागतं. टॉर्च घेऊन त्या भोकात बघा. चेसिसच्या त्या पायाची आतली बाजू बिनरंगी, खरी दिसते. तिथे रंग मारायला कोणी जात नाही.

पुढच्या चाकांचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हे किमतीचं नाही, जिवाचं आहे. चाक धरून ठेवणारा उभा दांडा, म्हणजे स्टब, खालच्या बाजूला आटे असलेल्या ट्रनियन नावाच्या सांध्यात फिरतो. त्याला ग्रीस दर हजार मैलांना लागतं. ग्रीस नसेल तर आटे झिजतात आणि एक दिवस, बहुधा पार्किंगमधून वळताना, चाक आडवं होऊन मडगार्डखाली झोपतं. रस्त्याकडेला अशी झोपलेली मायनर मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिली आहे. जॅकवर चाक वर-खाली हलवून बघा. आणि मालकाला सहज विचारा, “ग्रीस कधी मारलंत?” तो क्षणभर गोंधळला तर उत्तर मिळालं.

आता ओळखपत्रं. ही गाडी मुळात ट्रॅव्हलरच आहे का, हे बघायला चेसिस नंबरची पट्टी पुरते. बॉनेटखाली मागच्या भिंतीवर असते. सुरुवातीला एम म्हणजे मॉरिस, ए म्हणजे ए-सीरीजच्या मापाचं इंजिन, आणि मग बॉडीचं अक्षर. ट्रॅव्हलरला डब्ल्यू. तिथे टू-एस दिसलं तर ती दोन दारांची सलून, म्हणजे डिकीवाली साधी मायनर होती आणि मागचा लाकडी भाग नंतर जोडला आहे. पुढचा अर्धा भाग तोच असल्यामुळे हे काम करता येतं, आणि केलेलं असतं. अशी गाडी चालवायला वाईट नसते, पण ट्रॅव्हलरचा भाव तिला देऊ नका. पट्टीवरचा नंबर आणि मालकाकडच्या व्ही-फाइव्ह-सी कागदावरचा नंबर अक्षरशः जुळला पाहिजे. तो कागद मालकी सिद्ध करत नाही, फक्त नोंदणीकृत सांभाळणारा कोण हे सांगतो; इथे नवीन आलेले आपले लोक यात गल्लत करतात.

गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर असं येतं. ११ हजारांच्या व्यवहारात त्याची फी किरकोळ आहे, विक्रेत्याने काढलं नसेल तर तुम्ही काढा. रंगाची घरगुती तपासणी त्याआधीच होते: डॅशबोर्डच्या खालून वर बघा आणि दारांच्या आतलं अस्तर थोडं सैल करून बघा. तिथे आल्मंड ग्रीन नसून दुसरंच काही, समजा स्मोक ग्रे निघालं, तर रंग बदललेला आहे. पाप नाही, पण “ओरिजिनल” हा शब्द गेला. रंगावरून आठवलं. कधी कोणी फिकट जांभळी ट्रॅव्हलर “मायनर मिलियन” म्हणून दाखवली तर नमस्कार करून निघा. दहा लाखाव्या मायनरच्या निमित्ताने १९६१ मध्ये ज्या साडेतीनशे जांभळ्या गाड्या निघाल्या त्या सगळ्या दोन दारांच्या सलून होत्या.

इंजिन. १९६२ च्या शरद ऋतूपासून मायनरला १०९८ सीसीचं इंजिन आलं, ४८ अश्वशक्तीचं. त्याआधी ९४८, आणि १९५६ पर्यंत ८०३. तेव्हा तुमच्या गाडीच्या ब्लॉकवर नंबर १०एमए ने सुरू व्हायला हवा. ९एम असेल तर जुन्या गाडीचं इंजिन बसवलंय. पण नंबर सर्टिफिकेटशी जुळला नाही म्हणून लगेच तोंड फिरवू नका. त्या काळी इंजिन थकलं की डीलरकडे देऊन कंपनीने रीकंडिशन केलेलं “गोल्ड सील” इंजिन बदलून घ्यायची पद्धतच होती. ते सोनेरी रंगाचं असायचं. आपल्याकडे हाफ इंजिन काम करून वर्षानुवर्षं तोच ब्लॉक चालवतात, इकडे ब्लॉकच बदलायचे. गोल्ड सील ही त्या गाडीच्या आयुष्यातली खरी घटना आहे, मी त्याचे पैसे कापत नाही. पुढे मॉरिस मरीना या नंतरच्या गाडीचं १२७५ सीसीचं इंजिन बसवलेलं असेल तर गाडी मोटारवेवर जोर करते, तरी ओरिजिनल म्हणता येत नाही. घेणारा कोण यावर भाव ठरतो.

तुमच्या चौथ्या फोटोत इंजिनच्या उजव्या बाजूला अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं नव्या पद्धतीचं यंत्र, स्पष्ट दिसतो. १९६७ च्या मायनरला त्याच कामासाठी जुन्या पद्धतीचा डायनामो होता आणि बॅटरीचं धन टोक बॉडीला अर्थ केलेलं असायचं. अल्टरनेटर बसवताना ते उलटं करावं लागतं. म्हणजे “सगळं ओरिजिनल” हे वाक्य बॉनेट उघडल्यावर लगेच पडलं. मी स्वतः अल्टरनेटरला दोष देत नाही. रात्री पावसात दिवे आणि वायपर एकत्र चालवून बघा, मग तुम्हीही देणार नाही. मालकाने जुना डायनामो खोक्यात ठेवला असेल तर मात्र तो मागून घ्या. ल्यूकस या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या सुट्या भागांवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं. १९६७ ची छाप असलेला डायनामो खोक्यात निघाला तर त्या घरात गाडी प्रेमाने सांभाळली गेली, हे मला दहा फोटोंपेक्षा जास्त पटतं. काचांचंही तसंच: ट्रिप्लेक्स या काच कंपनीच्या शिक्क्यातल्या बिंदूंवरून काचेचं वर्ष काढता येतं. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल तर त्या कोपऱ्यात कधीतरी ठोकर बसली आहे. मग त्या कोपऱ्याचं लाकूड पुन्हा बघा.

मीटर. ६२,००० मैल हे वाचून खूश होऊ नका, त्या मीटरला आकडे पाचच आहेत. ६२,००० असतील, १,६२,००० ही असतील. २००५ पासूनचा एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट दिसतो, दर वर्षीचा मीटरचा आकडा आणि तपासनिसाचे शेरेही. तुमची गाडी चाळीस वर्षांहून जुनी असल्यामुळे मोठे बदल केलेले नसतील तर २०१८ पासून तिला एमओटीतून सूट आहे, त्यामुळे अलीकडची वर्षं कोरी निघतील. जुने शेरे वाचा. “मागच्या लाकडी सांगाड्यात कूज” असा शेरा कुठे असेल आणि त्यानंतर दुरुस्तीचं बिल नसेल, तर तेच तुमचं उत्तर. पायडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड मीटरपेक्षा जास्त खरं बोलतात.

मग किंमत. ट्रॅव्हलर १९५३ ते एप्रिल १९७१ बनली, सुमारे २ लाख १५ हजार. ही दुर्मीळ गाडी नाही, सुटे भाग अजून नवे मिळतात. म्हणून इथे बाजार ओरिजिनलपणापेक्षा तब्येतीला पैसे देतो. अपवाद १९५६ च्या आधीच्या, दोन तुकड्यांच्या पुढच्या काचेच्या गाड्यांचा. त्या कमी उरल्यात आणि त्यांच्यात एकेक बटणसुद्धा मोलाचं. १९६७ ची गाडी घेणारा तुमच्यासारखाच असतो, रविवारी कुटुंबाला घेऊन बाहेर पडणारा. त्याला बिलांसह नवं लाकूड, न सडलेली तुळई आणि ग्रीस मारलेली चाकं हवीत.

खाली सगळं घट्ट, उजवी बाजू बिलासह बदललेली आणि डावीकडे ती करडी सावली, असं निघालं तर मी डाव्या बाजूच्या कामाचे साडेतीन हजार धरून ८,००० बोलेन. खालून मधल्या तुळईवर ताजं वेल्डिंग आणि वर काळा डांबरासारखा लेप दिसला तर साडेपाचच्या वर एक पौंड नाही, कारण त्या लेपाखाली काय आहे हे लेप खरवडल्याशिवाय कळत नाही. उलट मागचा गालिचा उचलल्यावर आतलं लाकूडही वॉर्निश केलेलं आणि कोरडं मिळालं, आणि सावली हा नुसता जुना डाग ठरला, तर साडेदहापर्यंत देऊन टाका. घासाघीस करून अशी गाडी हातची घालवू नका.

बघायला शक्यतो पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा, आणि मालकाला इंजिन आधी गरम करून ठेवू नका असं फोनवरच सांगा. मागच्या सीटखाली आणि सामानाच्या जागेच्या कोपऱ्यांत हात घालून ओल लागते का बघा. चेसिसची पट्टी, इंजिनचा नंबर, मधल्या तुळईची दोन टोकं आणि डाव्या चाकावरचा तो सांधा जवळून, असे पाच फोटो मला पाठवा. त्या चौदांपेक्षा त्या पाचांत जास्त कळेल.